शेजाऱ्याचा त्रास, मालकाचा दावा

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मुंबईतले घरमालक आणि भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. थकलेलं भाडं, परस्पर ठेवलेला पोटभाडेकरू, कुलूप लागून पडलेली खोली, मालकाला स्वतःच्या कुटुंबासाठी हवी असलेली जागा, अशा कारणांवर इथे दावे चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये ही कारणं ओळीने लिहिलेली आहेत. त्यांतलं एक मात्र इतरांहून वेगळं आहे. भाडेकरू, त्याचा नोकर किंवा त्याच्याबरोबर राहणारी कोणीही व्यक्ती आजूबाजूच्या रहिवाशांना उपद्रव देत असेल, तर मालक खोली परत मागू शकतो. बाकीच्या बहुतेक कारणांत नुकसान मालकाचं असतं. इथे झोप उडते शेजाऱ्याची आणि दावा लावण्याचा हक्क मालकाला. शेजारी फार तर साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहणार.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींत त्रास सोसणाऱ्यांची जी कोंडी होते, तिचं मूळ बऱ्याच अंशी या एका तरतुदीत सापडतं.

चाळीतला उपद्रव बहुतेक वेळा वर्तमानपत्रात येण्याएवढा मोठा नसतो. जिन्याच्या दिव्याखाली रात्री दीड वाजेपर्यंत चालणारा कॅरम. पिऊन आल्यावर गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाणारी शिवीगाळ. वरच्या मजल्यावरून घरगल्लीत भिरकावलेली कचऱ्याची पिशवी. पहाटे पाणी आलं की नळाला मोटर लावून बाकीच्यांचं पाणी ओढणारं बिऱ्हाड. गच्चीची किल्ली ताब्यात ठेवून तिथे बैठका बसवणारी मंडळी. यांतली एकेक गोष्ट पोलीस ठाण्यात सांगायला गेलं तर क्षुल्लक वाटते, पण रोज सोसणाऱ्याला ती क्षुल्लक राहत नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. दार लावलं की हवा बंद, दार उघडं ठेवलं की गॅलरीतलं सगळं घरात. संडास गॅलरीच्या टोकाला आणि त्याच टोकाशी टोळकं बसलेलं असेल, तर घरातली मुलगी रात्री आईला उठवल्याशिवाय बाहेर पडत नाही. हा त्रास मोजायला कुठलंही यंत्र नाही, आणि तक्रारीच्या कागदावर तो दोन ओळींत आटपतो.

रात्रीच्या शांततेची किंमत या भागाने फार पूर्वीपासून ओळखली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब मुंबईत आलं तेव्हा लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होतं. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं तिथेच. वडील रामजी मुलाला लवकर झोपायला लावत आणि रात्री दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवत. पुढे परळच्या पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या. आजही दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची असंख्य मुलं अशाच खोल्यांतून रात्री जागतात. खाली वाजणारा स्पीकर त्यांच्या निकालात उतरतो.

मग मालक दावा का लावत नाही? याचं उत्तर मुंबईच्या भाडेव्यवस्थेत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत ती तरतूद भाडेकरूंचं छत वाचवणारी होती. पण ती पन्नास वर्षं तशीच राहिली, आणि अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात या गोठवलेल्या भाड्यांना अवाजवी ठरवलं. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडी घेण्याला अधिकृत मान्यता दिली. मूळ आकडाच इतका लहान, की त्यावरच्या चार टक्क्यांनी फारसं काही बदललं नाही. कित्येक जुन्या इमारतींत मालकाचं खरं उत्पन्न महिन्याच्या भाडेपावतीतून येत नाही, खोली दुसऱ्याच्या नावावर करून देताना येतं. अशा मालकाला दुसऱ्या मजल्यावरचा दारुडा दिसतच नाही, कारण तो स्वतः तिथे राहत नाही. दारुडा भाडं वेळेवर भरत असेल तर त्याच्याविरुद्ध दहा-पंधरा वर्षं कोर्टात खेटे घालण्यात मालकाला काहीच मिळकत नाही.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. इमारतीवर बिल्डरची नजर पडली की हेच कलम मालकाला अचानक आठवू शकतं. दुरुस्तीसाठी म्हाडाकडे अर्ज करणारा, इतर भाडेकरूंना एकत्र आणणारा, पुनर्विकासाच्या करारात प्रश्न विचारणारा माणूस कागदावर सहज ‘उपद्रवी’ होतो. म्हणून न्यायालयं या कारणाकडे बारकाईने पाहतात. नळावरची दोन-चार भांडणं पुरत नाहीत. त्रास गंभीर हवा, सातत्याचा हवा, आणि तो सोसणाऱ्या शेजाऱ्यांनी स्वतः येऊन सांगायला हवा. ही कडक कसोटी योग्यच आहे. मात्र तिचा परिणाम असा होतो की रोज शेजारी राहणाऱ्या माणसाविरुद्ध उघड साक्ष द्यायची आणि संध्याकाळी त्याच जिन्याने घरी परतायचं, एवढं धैर्य फार थोडे दाखवतात.

शिवाय शिक्षा कुणाला होते? गोंधळ घालतो एक मुलगा, आणि दावा यशस्वी झाला तर बेघर होतं सगळं कुटुंब. ज्या आईने त्याच्या हातचा मार खाल्ला, जी बहीण परीक्षेला बसली आहे, त्याही रस्त्यावर. चाळीतल्या लोकांना हे कळतं, म्हणून त्यांचा त्या मुलावर कितीही राग असला तरी त्या घराची खोली जावी असं त्यांना वाटत नसतं. त्यांना रात्री झोप हवी असते. कायदा त्यांच्या हाती जे देऊ करतो ते एकतर फार मोठं आहे किंवा काहीच नाही, आणि मधल्या पायऱ्या जवळजवळ रिकाम्या आहेत.

सरकार किंवा महापालिका मालक असलेल्या चाळींची तऱ्हा आणखी निराळी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या. सरकारी मालकीच्या जागेला भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही. तिथे मालक म्हणजे एक कार्यालय, आणि कार्यालयाला रात्री दीडचा कॅरम ऐकू येत नाही.

तरीही या चाळी शंभर वर्षं चालल्या, कारण बंदोबस्त गॅलरीने ठेवला. तंटा आधी मजल्यावरच्या वडीलधाऱ्यांपुढे जाई, मग चाळ कमिटीपुढे. गणपतीची वर्गणी गोळा करणारं मंडळ आणि मुलांना घुमवणारी तालीम यांचाही धाक असे. पिऊन आलेल्याला पकडून त्याच्या डोक्यावर नळाखाली पाणी ओतणाऱ्या बायकांचे किस्से गिरणगावात आजही ऐकायला मिळतात. लहान मुलगा नाक्यावर सिगारेट ओढताना दिसला की वडिलांना कळायच्या आधी काकू, मावशी आणि तळमजल्यावरच्या वाण्याला कळलेलं असे. गिरणीत तिन्ही पाळ्या चालत. रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोप हवी, हे सगळ्या मजल्याला ठाऊक असल्यामुळे आवाज कधी करायचा याचे अलिखित नियम होते.

त्या व्यवस्थेचं कौतुक करताना तिचं दुसरं रूप झाकून चालणार नाही. गॅलरीचा धाक सगळ्यांना सारखा नव्हता. आंतरजातीय लग्न केलेलं जोडपं, एकटी राहणारी बाई, वेगळं खाणारं कुटुंब यांनाही तोच धाक सोसावा लागे, आणि त्यांनी कुणाचंच काही बिघडवलेलं नसे. ज्याला तालमीचा दादा म्हणत तो कधी मोहल्ल्याचा राखणदार असे, कधी हप्ता घेणारा. चाळीही अनेकदा जातीनुसार वाटलेल्या असत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली तेव्हा दलित आणि सवर्ण यांच्या चाळी समोरासमोर उभ्या ठाकल्या. १० जानेवारीच्या मोर्चात दलित पँथरचे भागवत जाधव यांचा बळी गेला. एकाच मालकाचे भाडेकरू, एकाच मापाच्या खोल्या, तरी शेजार तुटायला एक संध्याकाळ पुरली. गॅलरीच्या न्यायावर सगळं सोपवा, असं म्हणणाऱ्यांनी तो महिना आठवावा.

१९८२ च्या गिरणी संपाने उरलीसुरली घडीही विस्कटली. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. वडिलांची कमाई गेली आणि तिच्याबरोबर घरातला त्यांचा शब्दही गेला. मुलं नाक्यावर आली. नाका त्यापूर्वीही होताच. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी १९६५ मध्ये आली तेव्हा नाक्यावरच्या टवाळ पोरांचं ते वागणं आणि बोलणं वाचून आचार्य अत्रे खवळले होते. पण संपानंतरच्या नाक्यावर टोळ्यांचा पैसा आला. जयंत पवारांच्या १९९७ च्या ‘अधांतर’ नाटकात गिरणगावातल्या एकाच खोलीत नोकरी नसलेला, लेखक होऊ पाहणारा आणि टोळीत ओढला गेलेला, असे सख्खे भाऊ राहतात. ज्यांना आज पोलीस आणि शेजारी समाजकंटक म्हणतात त्यांच्यातले कितीतरी अशाच घरांतून आले. चाळीला हे माहीत असतं, आणि म्हणूनच चाळीचा राग आणि चाळीची माया एकाच माणसावर असते.

आता त्रास झाला तर माणूस पोलिसांकडे जातो. ११२ वर फोन केला की गाडी येते, मुलं पांगतात, गाडी गेली की पुन्हा जमतात. ठाण्यात गेलं तर बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते, म्हणजे बोलीतली ‘एनसी’. अशा नोंदीवरून न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे तक्रारदाराच्या हाती कागद राहतो आणि त्रास सुरूच. तरी तो कागद वाया जात नाही. एकाच माणसाविरुद्ध अशा नोंदी साठल्या की चॅप्टर केस होऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचं एक वर्षापर्यंतचं, तर सराईत माणसाकडून कलम १२९ खाली चांगल्या वर्तनाचं तीन वर्षांपर्यंतचं हमीपत्र घेता येतं. मुंबईत हे काम विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सहायक पोलीस आयुक्त करतात. त्याच्याही पुढे महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५६ आहे, म्हणजे तडीपारी. साक्षीदार भीतीपोटी उघड बोलायला तयार नाहीत, हे या कलमाने गृहीतच धरलं आहे, म्हणून त्यांचे जबाब गोपनीय घेतले जातात. पण माणसाला दोन वर्षांपर्यंत स्वतःच्या गावातून आणि घरातून हाकलणारा हा अधिकार अपवादानेच वापरायचा आहे. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तडीपारी रद्द करताना हेच बजावलं.

आवाजाच्या बाबतीत कायदा त्या मानाने स्पष्ट आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागी ध्वनिक्षेपक बंद. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. पुढे कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती अजय गडकरी आणि श्याम चांडक यांनी भोंग्यांबाबत निकाल दिला. तक्रारदाराची ओळख पोलिसांनी उघड करू नये, असं न्यायालयाने बजावलं. हा दिलासा मोठा आहे. तरी आठ खोल्यांच्या गॅलरीत फोन कुणी केला हे लपून राहणं कठीण, म्हणून एकट्याने तक्रार करण्यापेक्षा मजल्याने मिळून करणं अधिक सुरक्षित असतं. दहा सह्यांच्या अर्जात कुणा एकाचं नाव पुढे येत नाही. त्यात तारीख, वेळ आणि काय घडलं याची साधी नोंद असेल, तर वरिष्ठ निरीक्षकाला तो बाजूला सारणं सोपं जात नाही.

सगळाच गोंधळ समाजविरोधी वागण्याचा नसतो, हेही मजल्याने ओळखायला हवं. रात्रभर भिंतीशी बोलणारी म्हातारी किंवा खोलीत भंगार साठवत गेलेला गृहस्थ आजारी असू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा निराधार माणसाला संरक्षण देऊन उपचारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. १४४१६ ही टेलिमानसची मोफत मदतवाहिनी मराठीतही बोलते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात व्यसनावर उपचार होतात, आणि लालबागहून तिथे चालत जाता येतं. आणि पाणी तोडणं, वीज बंद करणं, जिन्यात माणसं आणून बसवणं हा उपद्रव खुद्द मालकाच्या बाजूने होत असेल, तर जीवनावश्यक सोयी तोडण्याविरुद्ध भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली भाडेकरूला स्वतः न्यायालयात जाता येतं. इथे मात्र कायद्याने सोसणाऱ्यालाच दार उघडून दिलं आहे.

इंग्लंडने या प्रश्नावर जोराने कायदे करून पाहिले. १९९८ च्या कायद्याने समाजविरोधी वागण्याला मनाई करणारे आदेश आणले. ते मोडले तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. ज्या वागण्याला एरवी तुरुंग नव्हता त्यासाठी पोरं तुरुंगात जाऊ लागली, टीका झाली, आणि २०१४ च्या कायद्याने ते आदेश मोडीत निघाले. १९९८ च्याच सुमारास लंडनच्या इस्लिंग्टन भागात सुरू झालेला साधा मार्ग अधिक टिकला. मुलगा, त्याचे पालक, पोलीस आणि घरं भाड्याने देणाऱ्या नगरपालिकेचा माणूस एकत्र बसतात आणि मुलगा काय करणार नाही हे त्याच्याच संमतीने कागदावर लिहिलं जातं. सिंगापूरने २०१५ मध्ये शेजाऱ्यांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण काढलं. तिथे सोसणारा शेजारी स्वतः दाद मागतो, आणि अर्ज आला तरी मध्यस्थीवर भर असतो.

आपल्याकडेही असं काही नव्हतं असं नाही. २००७ मध्ये राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती गावांसाठी. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि रहिवासी यांनी भांडण पेटायच्या आधी एकत्र बसायचं, ही त्यांची रीत होती. धार्मिक तणावासाठी जे जमलं ते जिन्यातल्या त्रासासाठी न जमण्याचं कारण दिसत नाही.

हे आताच करण्याची गरज आहे, कारण चाळ उभी होऊ लागली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी पुनर्विकासातल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत, स्वतःच्या संडास-बाथरूमसह. शंभर वर्षांनी मिळालेला हा हक्क आहे आणि त्याचा आनंद निखळ आहे. पण चाळीस मजली टॉवरमध्ये गॅलरी नसते. लिफ्टमध्ये शेजारी ओळखीचे राहत नाहीत, टोळकं जिन्याच्या अशा वळणावर बसतं जिथे कुणाचं दार उघडत नाही. शिवाय इथे प्रत्येक जण मालक. भाडे कायद्याचं उपद्रवाचं कलम इथे चालत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ खाली सभासदाला काढायचं तर सभेतल्या तीन चतुर्थांश मतांचा ठराव आणि निबंधकाची मंजुरी लागते, म्हणजे पुन्हा तोच टोकाचा उपाय आणि मधल्या पायऱ्या गायब.

ती मधली पायरी संसदेने लिहून ठेवली आहे. मध्यस्थी कायदा, २०२३ मधल्या सामुदायिक मध्यस्थीच्या प्रकरणानुसार, वस्तीतल्या कुटुंबांची शांतता बिघडवणारा तंटा दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांपुढे नेता येतो. या मध्यस्थांच्या यादीत परिसरातले प्रतिष्ठित लोक, रहिवासी संघांचे प्रतिनिधी आणि मध्यस्थीचा अनुभव असलेले यावेत, स्त्रियांना स्थान मिळावं, असं कायदा सांगतो. झालेला समझोता हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, आणि जिथे कमरेला सुरा लावून फिरणारा माणूस आहे तिथे तो चालणारही नाही. पण पाणी, कॅरम, गच्ची, घरगल्ली आणि रात्रीचा स्पीकर यांसाठी तो पुरेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये या कायद्याची जी कलमं अमलात आणली गेली, त्यांत हे प्रकरण नव्हतं. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींतली बिऱ्हाडं टॉवरमध्ये स्थिरावण्यापूर्वी ते लागू व्हावं, आणि तोवर नव्या सोसायट्यांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत निदान तीन माणसं त्यासाठी नेमावीत. त्यांत जुन्या गॅलरीतली एखादी काकू असावी आणि ज्याला त्या गॅलरीने कधी आपलं मानलं नाही अशा घरातलंही कुणी असावं.